कोरड्या डोळ्यांसाठी थेंब, जेल की मलम?

हे फक्त कोरड्या डोळ्यांपुरतं. काचबिंदू किंवा ऑपरेशननंतरचं औषध असेल तर चिठ्ठीत लिहिलंय तेच घ्या. मी तिन्ही वापरून बसलोय, म्हणून लिहितो.

थेंब सुटसुटीत, खिशात राहतात. पण वैशाखात ४४-४५ अंशांत मोटारसायकलवर जळगावला निघालो की पुढच्या फाट्यापर्यंत डोळे पुन्हा चुरचुरायला लागतात. मग मी दोन-दोन थेंब घालायचो. उपयोग शून्य, कारण बाटलीतला एक थेंबच साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा आणि डोळ्यात एरवी पाणी असतं जेमतेम ७ ते १०. बाकीचं गालावरून कॉलरवर. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकावं म्हणून घातलेलं रसायन) नसलेले मागा; महाग पडतात, पण मला मानवले.

टिकण्यात मलमाचा हात कोणी धरणार नाही. झोपताना खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं सोडायचं, सकाळी डोळ्यात वाळू नाही. अडचण अशी की आमच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. एकदा दीड वाजता आली, केळीला पाणी सोडायला उठलो. डोळ्यांवर मलमातल्या मेणचट पॅराफिनचा थर, बॅटरीचा उजेड लोण्याच्या गोळ्यासारखा पसरलेला. बांधावर काळं काहीतरी आडवं पडलेलं. ठिबकची नळी की साप? काठीने ढोसलं, हललं नाही, तरी पाय उचलेना. चांगली पाच मिनिटं तिथेच उभा. नळीच होती. पुढे स्टार्टरचं हिरवं बटणही चाचपूनच सापडलं.

दुसऱ्या दिवसापासून रात्री जेल. काही मिनिटं धूसर दिसतं, मग नजर साफ होते. मलमाइतकं पुरत नाही, पहाटे थोडं कोरडं वाटतंच, माझ्या डोळ्यांना तरी. पण उठून चालता येतं. थेंब आणि जेल एकाच वेळी लागलेच तर आधी थेंब, पाचेक मिनिटांनी जेल. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवतो, महिना झाला की फेकतो.

ज्यांना रात्री उठायचंच नाही त्यांना मलम कदाचित बरं पडेल. डॉक्टरांनी बायकोला तेच दिलंय, ती खूश आहे. माझी अर्धी राहिलेली ट्यूब मागत होती. डोळ्याचं औषध एकाचं दुसऱ्याने वापरू नये, म्हणून तिला नवी आणून दिली.