मंडेला नियमांची पुस्तिका: नव्या जेलगार्डला कितपत पुरते?

कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम, म्हणजेच नेल्सन मंडेला नियम, डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झाले. एकूण १२२ नियम, पीडीएफ फुकट. गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात रुजू होणाऱ्या गार्डच्या हाती द्यायला ती कशी आहे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय.

अख्खी पुस्तिका एकदम देऊ नये. ७४ ते ८२ हे नऊ नियम कर्मचाऱ्यांचे, सुरुवात तिथून करावी. मग झडतीचे, मग एकांतकोठडीचे. नियम ७५ सगळ्यात कामाचा: आधी प्रशिक्षण, मग लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, पास होईल त्यालाच नोकरीत प्रवेश. माणसं कमी असलेल्या तुरुंगात नेमकं उलटं होतं. नवा गार्ड आधी बराकीवर उभा राहतो आणि जुन्यांकडून पहिलं शिकतो ते आवाज चढवायला.

नियम ७६ 'डायनॅमिक सिक्युरिटी' शिकवा म्हणतो, पण ती काय असते ते सांगत नाही. पुस्तिकेतली ही मोठी उणीव. भिंत, कुलूप, कॅमेरा आहेतच; त्यावर कैद्यांशी रोजची ओळख ठेवून राखलेली सुरक्षा, असा तिचा अर्थ. कोण दोन दिवस जेवला नाही, कोणाला भेटायला येणारे अचानक बंद झाले, कोण जामीन फेटाळला जाऊन कोर्टातून परतला. सराव असा घ्यावा: पाचजणांचा गट, एकजण कैदी, दहा मिनिटांचा प्रसंग, मग प्रत्येकाने चार ओळींची नोंद लिहायची. बहुतेक चुका या नोंदीतच सापडतात. 'कैदी उद्धट आहे' ही नोंद नव्हे, ते मत झालं. 'दोनदा नाव पुकारलं, उठला नाही' ही नोंद.

बळाचा वापर नियम ८२ मध्ये: स्वसंरक्षण, पळण्याचा प्रयत्न, कायदेशीर हुकमाला शारीरिक विरोध, एवढ्यातच, तोही गरजेपुरता, आणि लगेच वरिष्ठांना कळवायचं. स्पष्ट आणि पाठ करण्याजोगा.

भाषेचा नियम ८०, म्हणजे बहुतेक कर्मचाऱ्यांना बहुसंख्य कैद्यांची भाषा यावी, गोव्यात जास्तच महत्त्वाचा. सरकारी भरतीत कोकणी आवश्यक, मराठी आली तर बरी. बराकीत मात्र हिंदी, कन्नड आणि परदेशी कैद्यांची इंग्रजीही. भरतीची शारीरिक चाचणी यातलं काहीच मोजत नाही. तोंडी परीक्षेत एक भांडण मिटवायला द्या, पंधरा मिनिटांत उमेदवार कळतो.

माणसं किती हवीत, हे पुस्तिकेत नाही. त्यासाठी केंद्राची २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली सोबत ठेवावी: सहा कैद्यांमागे एक रक्षक, दोनशेंमागे एक सुधारणा अधिकारी, पाचशेंमागे एक समुपदेशक. सहाशे कैदी असतील तर शंभर रक्षक. तीन पाळ्या केल्या की एका वेळी जेमतेम तेहतीस, आणि त्यातून रजा, आजारपण वजा. म्हणून वर्ग सलग आठवडाभर न ठेवता पाळी बदलताना पाऊण तासाचे घ्यावेत, आणि कोकणीत.