लाइटकीपर प्रो : पिस्तूल चालतं, पण आधी फ्यूज बघा

घाईत असाल तर एवढंच वाचा. नाताळचं झाड प्री-लिट म्हणजे दिव्यांच्या माळा आधीच बसवलेलं असेल, दिवे जुन्या पद्धतीचे म्हणजे फिलामेंटवाले असतील आणि त्यातला एखादाच पट्टा अंधारात गेला असेल, तर लाइटकीपर प्रो, म्हणजे विझलेल्या माळा दुरुस्त करायचं हे पिस्तुलासारखं यंत्र, खुशाल घ्या. वीस-पंचवीस डॉलरला मिळतं, नाताळच्या दिवसांत होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानात माळांच्या जवळपासच टांगलेलं असतं. तुमचे दिवे एलईडी असतील तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका.

आता सावकाश सांगते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ज्या मेन्लो पार्कात एडिसननं 31 डिसेंबर 1879ला लोकांना आपले दिवे दाखवले, ते याच गावात. गावानं नावही त्याचंच घेतलंय. ख्रिसमसच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले तेही त्याच्याच जोडीदारानं, एडवर्ड जॉन्सननं, 1882मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी; लाल, पांढरे, निळे असे 80 दिवे. आणि अशा गावात आमचं झाड वरून लखलखतंय, खालून लखलखतंय, मधला कमरेएवढा भाग ठार काळा! लेक म्हणाली, "आई, मला मैत्रिणींना बोलवायचंय, काहीतरी कर."

सुट्टी माळ असती तर मी काहीच केलं नसतं. शंभर दिव्यांची नवी माळ या यंत्रापेक्षा स्वस्त पडते. पण प्री-लिट झाडाची गोष्ट वेगळी. त्याच्या माळा फांदीफांदीला क्लिपांनी जखडलेल्या असतात. त्या सोडवायला बसलात तर पुढचा नाताळ उजाडेल.

या दिव्यांचं गणित एकदा समजून घेतलं की यंत्राची किंमत कळते. 50 दिवे एकामागोमाग सिरीजमध्ये, प्रत्येकी अडीच व्होल्टचा, मिळून 125. इथली वीज 120 व्होल्टची, म्हणजे हिशेब जुळला. शंभरची माळ असते तेव्हा असे पन्नासाचे दोन गट असतात, म्हणून बिघडली की बरोब्बर निम्मी माळ जाते. सिरीज म्हटल्यावर एक दिवा गेला की सगळे जायला हवेत, पण तसं होऊ नये म्हणून प्रत्येक बल्बच्या पोटात, फिलामेंटच्या खाली, एक बारीक तार गुंडाळलेली असते. तिला शंट म्हणतात. तिच्यावर वीज अडवणारा पातळ थर असतो. फिलामेंट तुटली की सगळा 120चा दाब त्या एकाच बल्बवर येतो, थर फुटतो, तार जोडली जाते आणि बाकीचे 49 दिवे चालू राहतात. निदान राहायला हवेत. कधीकधी थर फुटतच नाही आणि अख्खा गट मान टाकतो.

लाइटकीपर नेमकं इथेच कामाला येतं. गॅसच्या लायटरमध्ये असतो तोच खटका या पिस्तुलात आहे. विझलेल्या भागातला कुठलाही एक बल्ब काढायचा, रिकामा होल्डर पिस्तुलाच्या खोबणीत बसवायचा, माळ प्लगमध्ये चालू ठेवायची आणि घोडा ओढत राहायचा. दर खटक्याला विजेचा एक झटका माळेतून जातो आणि अडून बसलेला शंट फुटतो. एक-दोनदा ओढून सोडून देऊ नका, वीसेक वेळा तरी ओढा. पट्टा पेटला की जो बल्ब काळा राहील तोच खरा गुन्हेगार. तेवढा बदलायचा.

सासरे सध्या आमच्याकडे आहेत. एमएसईबीतून वायरमन म्हणून रिटायर झालेले. मी पिस्तूल घेऊन झाडासमोर उभी राहिले तर म्हणाले, "अगं, गोळ्या घालून कुठे दिवे लागतात का?" घोडा ओढता ओढता मधल्या पट्ट्यातला एक गट भक्कन लागला. बाबा चष्मा वर करून जवळ आले, यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "हां, पल्स मारतंय." त्यांच्या तोंडून ही मोठीच पावती.

पण दुसरा गट काही केल्या पेटेना. याचं कारण लक्षात ठेवा, कारण नाराजीचे अभिप्राय लिहिणारे बरेच जण इथेच अडकलेले दिसतात. पिस्तूल फक्त शंटचं दुखणं बरं करतं. बल्ब होल्डरात सैल बसला असेल, त्याची तांब्याची तार गंजली किंवा मोडली असेल, होल्डरातून वायर निसटली असेल, तर दिवसभर खटके मारलेत तरी उपयोग नाही.

त्यासाठी याच यंत्रात दुसरी सोय आहे. वेगळं बटण दाबून टोक बल्बपाशी नेलं की जिथवर वीज येते तिथवर ते आवाज करतं, आवाज बंद झाला की दोष तिथेच कुठेतरी. युक्ती एवढीच की टोक बल्बच्या डोक्याशी धरायचं. वायरींशी धरलंत तर ते सगळीकडे ओरडतं, कारण पुढच्या माळेला वीज नेणारी वायरही त्याच पिळात असते. दाट झाडात तर शेजारच्या फांदीवरच्या दिव्यालाही ते ओ देतं. मी एक तारा कापते तो यासाठी.

बाबांनी हा प्रकार थोडा वेळ ऐकला आणि खिशातला टेस्टर काढला. (परदेशात येतानासुद्धा टेस्टर बॅगेत. कस्टमवाल्यानं काही विचारलं नाही हे नशीब.) एकेक बल्ब बघत बसले नाहीत. विझलेल्या गटाच्या मधोमधचा बल्ब काढला, होल्डरात टेस्टर टेकवला, तो लागला. "इथवर फेज येतोय, म्हणजे भानगड पुढच्या निम्म्यात." मग त्या निम्म्याचा मध्य, मग त्याचा मध्य. बघता बघता एका होल्डरपाशी आले. बल्ब उपसला तर त्याच्या दोन तारांपैकी एक बाहेरच्या बाजूला दुमडायच्या ऐवजी प्लॅस्टिकच्या बुडाखाली चेपून गेली होती. नखानं सरळ केली, दुमडली, बल्ब परत दाबला आणि कंबर उजळली. उघड्या होल्डरात 120 व्होल्ट असतात, तेव्हा बाबांची ही रीत घरी करू नका. पिस्तुलाचा आवाजवाला भाग घ्या आणि असंच निम्म्यानिम्म्यानं शोधत जा.

या सगळ्याच्या आधी करायचं काम फुकटातलं आहे. अख्खी माळ गेली असेल तर प्लगवरचं छोटं दार सरकवा. आत काचेचे दोन इवलेसे फ्यूज असतात, बहुतेक 3 अँपियरचे. माळेला माळ, तिला आणखी माळ असं जोडत गेलं की तेच उडतात. किती माळा जोडायच्या ते खोक्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. फ्यूज तपासायची जागाही पिस्तुलात आहे, आणि बल्ब उपसायचा चिमटाही. हा चिमटा मला सगळ्यात आवडला. नखं वाचतात.

बल्ब बदलताना व्होल्ट बघा. पन्नासच्या गटात अडीचचा, पस्तीसच्या गटात साडेतीनचा. दिसायला सारखेच असतात. लाल टोकाचा बल्ब आला तर तो उघडझाप करणारा असतो. तो घातलात की सगळा गट त्याच्या तालावर लुकलुकतो. आणि एखादाच तर गेलाय म्हणून जळका बल्ब तसाच ठेवू नका. त्याच्या वाटचा दाब बाकीच्यांवर पडतो, ते जरा जास्त उजळ दिसतात आणि लवकर जातात.

सुटे बल्ब शोधत फिरण्यापेक्षा 26 डिसेंबरला निम्म्या किमतीत लागलेली त्याच व्होल्टची एक माळ घेऊन ठेवा, लागेल तसे तिचे बल्ब काढा.

बाबांना एक पिस्तूल सांगलीला न्यायचं होतं. नको म्हटलं. हे 120 व्होल्टच्या माळांसाठी केलेलं आहे, आपल्याकडे 230. एरवी माझ्याकडून पाचपैकी चार तारे.