उशिरा आलेले पझल गेम: कुठला घ्यायचा आणि कुठल्याची वाट बघत बसायचं

पझल गेमवाल्यांचं एक जुनं दुखणं आहे, जे जे भारी ते ते वेळेवर येतच नाही. एखादा माणूस किंवा दोनतीन जणांची टीम, डोक्यात एक भन्नाट कल्पना, ती दाखवणारा एक ट्रेलर, एखादं बक्षीस, आणि मग वर्षानुवर्षं गप्प. फॅन मात्र चातकासारखे बसलेले, कधी येतोय कधी येतोय. यातले बरेचसे गेम शेवटी आले आणि आता चांगले जुने पण झालेत, त्यामुळे ज्याला आज सुरुवात करायचीय त्याचा प्रश्न वेगळा आहे, की फेझ, विटनेस, अँटीचेंबर, गोरोगोआ यातला घेऊ कुठला, आणि तो मिएगाकुरे का काय येणारे त्याच्यासाठी थांबू का.

माझं मत आधीच सांगतो. उशीर झाला म्हणून गेम भारी होतो असं काही नसतं आणि उशीर झाला म्हणून वाया गेला असंही नसतं. बघायचं एवढंच की ती मधली वर्षं गेली कशात. आणि हे कळायला कुठली मुलाखत वाचावी लागत नाही, गेम तासभर खेळला की आपोआप दिसतं.

आधी फेझ आणि विटनेस, कारण बहुतेकांचं घोडं या दोघांतच अडतं.

फेझ जाहीर झाला २००७ मध्ये आणि आला एप्रिल २०१२ मध्ये. माँट्रियलचा फिल फिश डिझाइनला, रेनो बेदार प्रोग्रॅमिंगला, टीम म्हणावी तर जवळजवळ एवढीच. २००८ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये ग्राफिक्सचं बक्षीस मिळालं, तेव्हा लोकांना वाटलं आता आलाच, आणि मग फिशने सगळं आर्ट परत काढलं, मग परत काढलं, मध्ये पार्टनरबरोबर भांडण, पैशाची बोंब, ऑनलाइन लोकांशी बाचाबाची, सगळं चव्हाट्यावर. शेवटी २०१२ मध्ये त्याच फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस पण यालाच मिळालं, त्यावरून पण थोडी कुरकुर झाली की एकाच गेमला कितीदा. ते असो.

गेम काय आहे तर गोमेझ नावाचा एक पांढरा गोंडस प्राणी, डोक्यावर लाल टोपी, आणि एक सपाट दिसणारं जग जे खरं तर थ्रीडी आहे. बटण दाबलं की अख्खं जग नव्वद अंशात फिरतं, आणि जे दोन खांब एकमेकांपासून लांब होते ते या बाजूने बघितलं तर चिकटलेले दिसतात, आणि दिसतात म्हणजे आहेतच, तुम्ही सरळ चालत जाऊ शकता. एवढ्यावर पहिले काही तास निघतात, मस्त हलकंफुलकं, शत्रू वगैरे कोणी नाही, पडलात तर लगेच परत उभे. बत्तीस क्यूब गोळा झाले की एक शेवट बघायला मिळतो आणि अर्धे लोक तिथेच गेम बंद करून टाकतात. खरा फेझ त्याच्या पुढे आहे. भिंतींवर जी चौकोनी नक्षी इतका वेळ सजावट म्हणून बघत होतात ती लिपी आहे, आकडे आहेत, टेट्रिसच्या तुकड्यांसारखी जी चित्रं आहेत ती कंट्रोलरच्या बटणांचे कोड आहेत. अजून बत्तीस अँटीक्यूब या असल्याच गोष्टींच्या मागे लपवलेत. वही-पेन घेतल्याशिवाय इथे काही खरं नाही.

आणि त्यातलं एक कोडं, काळ्या मोनोलिथचं म्हणजे एका मोठ्या काळ्या शिळेचं, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेम आल्यावर आठवड्याभरात लोकांनी जवळजवळ सगळं उलगडलं, पण हे एक काही केल्या सुटेना. शेवटी शेकडो लोकांनी मिळून बटणांच्या शक्यता वाटून घेतल्या, तू या करून बघ मी या करतो, आणि नुसत्या ताकदीवर, एकेक प्रयत्न करत ते फोडलं. उत्तर मिळालं, पण ते उत्तर का आहे याचं सगळ्यांना पटेल असं कारण पुढेही सापडलेलं नाही. आता यात मजा आहे का चीटिंग, हे ज्याने त्याने ठरवावं, पण मला विचाराल तर पाच वर्षं थांबलेल्या फॅनांना याहून बरं काय मिळणार होतं, सगळ्यांना एकदम डोकं लावायला एकच कुलूप. प्रॉब्लेम हा की ती गर्दी आता नाहीये. आज फेझ घ्याल तर एकटेच बसाल, आणि नेटवर उत्तरं एका क्लिकवर असताना हात आवरणं सोपं नाही.

बाकी फेझचा नकाशा म्हणजे डोक्याला शॉट, कुठून कुठे आलो काही कळत नाही. २०१२ मध्ये एका अपडेटने काही जणांचे सेव्ह पण उडवले होते, पीसीवर २०१३ मध्ये आला तेव्हापासून ते रडगाणं नाही. संगीत डिझास्टरपीस नावाच्या संगीतकाराचं आहे, हेडफोन लावूनच खेळा, आणि त्या ट्रॅकच्या स्पेक्ट्रोग्रॅममध्ये (आवाजाचा जो आलेख काढतात त्यात) पण चित्रं लपवलीत म्हणजे बघा किती वेड. फेझ टू जाहीर झाला आणि २०१३ मध्येच महिना-दीड महिन्यात रद्द पण झाला, तेव्हा पुढचा भाग येईल या आशेवर घेऊ नका.

आता विटनेस. जोनाथन ब्लोचा आधीचा गेम ब्रेड २००८ मध्ये चालला, त्याचे पैसे त्याने या गेममध्ये ओतले, २००९ मध्ये नाव सांगितलं, फेब्रुवारी २०१३ मध्ये तर प्लेस्टेशन फोरच्या घोषणेच्या स्टेजवर स्वतः उभा राहून दाखवला, आणि गेम आला जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे स्टेजवर दाखवल्यानंतरसुद्धा जवळपास तीन वर्षं. वर किंमत चाळीस डॉलर, त्यावरून फॅनांनीच किती कटकट केली होती, पझल गेमला एवढे कोण देतं म्हणून. आत पाचशेच्या वर कोडी आहेत, आणि सगळी एकाच प्रकारची, पॅनेलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची. ऐकायला भयंकर बोअर वाटतं, कबूल.

पण वर्षं कुठे गेली ते इथे दिसतं. गेम घडतो एका बेटावर, आणि अख्ख्या बेटावर नियम समजावणारं एक वाक्य नाही. सुरुवातीला एका अंधाऱ्या बोगद्यात उभे असता, समोर दारावर सरळ रेघ, पुढच्या दारावर एक वळण, झालं, शिकलात. मग थोडं पुढे एका रांगेत काही पॅनेल, काळे चौकोन पांढरे चौकोन, पहिलं फुकटात सुटतं, दुसरं पण, आणि चौथ्या-पाचव्याला तुम्हाला कळतं की आपण जो नियम समजत होतो तो बरोबर नव्हताच. फळबागेत तर अजून सुंदर, पॅनेलवरच्या रेघांना फांद्या फुटल्यात पण जायचं कुठल्या फांदीवर ते पॅनेलवर कुठेच नाही. मान वर केली की मागे झाड उभं आहे, अगदी तसंच, आणि एका फांदीला सफरचंद. पुढच्या झाडाला ते नीट दिसेल अशा जागी उभं राहायला लागतं. हे इतकं सोपं दिसायला किती वेळा पाडून बांधलं असेल विचार करा. याच्या खाली अजून एक थर आहे, तो सांगत नाही, ज्याला माहीत आहे तो पण सांगत नाही, आणि तुम्ही प्लीज शोधू नका.

वाईट बाजू पण ऐका. ते बेटावर विखुरलेले ऑडिओ लॉग, थोर लोकांची वचनं, मला तरी जड झाले, निम्मे मी ऐकलेच नाहीत. काही कोडी रंगांवर आहेत, रंग ओळखायला त्रास असेल तर तिथे हात टेकावे लागतात. जंगलातली कोडी आवाजावर आहेत, ऐकायला कमी येत असेल तर ती पण गेली. दिलासा एवढाच की बेटाच्या एकेका भागातली कोडी सुटली की एकेक लेझर लागतो, आणि अकरा लेझरपैकी सात लागले तरी शेवटाकडे नेणारा डोंगराचा रस्ता उघडतो, सगळं करायची सक्ती नाही. फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे सगळं आपल्याच डोळ्यांतून दिसतं अशा गेममध्ये, डोकं गरगरणाऱ्यांनी आधी दुसऱ्याकडे खेळून बघा.

तर दोघांत काय घ्यायचं? गुपितं फोडायची, लिपी उलगडायची, वहीत खरडत बसायची हौस असेल तर फेझ. आणि "मला आत्ता काहीतरी समजलं" हा झटका पुन्हा पुन्हा हवा असेल तर विटनेस, आणि एकच घ्यायचा असेल तर माझं बोट विटनेसकडे, कारण तो आज एकट्याने खेळला तरी तेवढाच भरलेला लागतो, फेझचा अर्धा जीव त्या २०१२ च्या गर्दीत होता. फक्त विटनेस सुरू केलात तर मधे महिनाभर सोडू नका, परत आल्यावर कुठल्या खुणेचा काय नियम होता ते आठवत नाही आणि आठवण करून द्यायला गेम येत नाही.

अँटीचेंबर पटकन सांगतो. ऑस्ट्रेलियाचा अलेक्झांडर ब्रूस, बहुतेक एकट्याचंच काम, २००६ च्या आसपास सुरू केलेलं, आधी नाव पण वेगळं होतं, आणि आला २०१३ च्या जानेवारीत. इथे भूमितीच वेडी आहे. दोन जिने, एक वर जाणारा एक खाली जाणारा, कुठूनही गेलात तरी त्याच जागी परत, आणि उत्तर काय तर मागे वळा, आलात तिकडेच जा. पहिला तास तोंडात बोट. त्यानंतर हातात ठोकळे उचलणारी गन येते आणि गेम जरा नेहमीच्या वाटेला लागतो, मला तो भाग तितका नाही आवडला. कन्सोलवर हा नाहीच, फक्त कॉम्प्युटरवर. फेझ-विटनेस झाल्यावर भूक उरली तर घ्या, पहिला म्हणून नको.

गोरोगोआ मात्र पहिला म्हणून एकदम चालेल, म्हणजे घरात कोणी आहे ज्याने कधी गेमच खेळला नाही, त्याला शेजारी बसवून. जेसन रॉबर्ट्सने नोकरी सोडून हा हाताने काढला, २०१२ मध्ये डेमो दाखवला आणि पूर्ण गेम आला डिसेंबर २०१७ मध्ये. मधली पाच वर्षं लोक तो एवढासा डेमो परत परत खेळत होते. पडद्यावर चार चौकटी, प्रत्येकीत एक चित्र, चित्राच्या आत शिरता येतं, बाहेर येता येतं, आणि चौकट उचलून दुसऱ्या चौकटीवर ठेवता येते. वरच्या चित्रात फांदीवर फळ, खालच्या चित्रात वाडगा धरलेला मुलगा, चौकटी एकाखाली एक लावल्या की वरचं फळ पडतं ते थेट खालच्या वाडग्यात. शब्द एक नाही. दोनेक तासांत संपतो, आणि इथेच लोक चिडतात, एवढी वर्षं थांबलो आणि दोन तास? पण प्रत्येक चित्र दुसऱ्या कुठल्यातरी चित्राशी रेघेला रेघ जुळायला हवं म्हटल्यावर एक बदललं की दहा परत काढा, वर्षं तिथे गेली. तासाला किती पैसे पडले असा हिशोब करणारे असाल तर घेऊ नका, चरफडाल. फोनवर, टॅबवर पण छान चालतो.

एक गंमत बघा, हल्ली शहाणे लोक आधी सांगतच नाहीत. ॲनिमल वेल २०२४ मध्ये आला, ब्लू प्रिन्स २०२५ मध्ये, पहिल्याला सात वर्षं लागली दुसऱ्याला आठ, पण बोंबाबोंब फेझच्या तुलनेत काहीच नाही, कारण बरीचशी वर्षं कोणाला नावच माहीत नव्हतं. वेळ तेवढाच लागतो हो, फक्त फॅनांचं रक्त कमी आटतं.

राहिला मिएगाकुरे. मार्क टेन बॉश २००९ पासून बनवतोय, हे लिहिताना अजून आलेला नाही, तारीख नाही. चौथ्या मितीतला गेम, वेळ ही चौथी मिती वगैरे नाही, खरीखुरी चौथी दिशा. समोर भिंत आहे, वळसा घालायला जागा नाही, तर बटण दाबून एक दिशा चौथ्या दिशेशी अदलाबदल करायची, सगळं जग वितळल्यासारखं बदलतं, आता त्या भिंतीच्या जागी वाळवंट, दोन पावलं चाला, परत बटण, भिंतीच्या पलीकडे. बंद पेटी न उघडता आतली वस्तू काढणं, न तोडता दोन कड्या एकमेकीत अडकवणं, असलं सगळं ट्रेलरमध्ये दिसतं आणि ते खोटं नाही, गणित तसंच सांगतं. वर्षं याच गणितात गेलीत, चार मितींतल्या वस्तू आपटतात कशा, घरंगळतात कशा यावर त्याने २०२० मध्ये सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत पेपर पण दिला. म्हणजे माणूस झोपा काढत नाहीये. पण त्याचे फॅन, त्यात मी पण आलो, आता त्या अवस्थेला पोचलेत की नवीन अपडेट आलं की आनंद नाही होत, फक्त हुश्श होतं.

थांबायचं का? नाही. विशलिस्टमध्ये टाका आणि विसरा. चौथ्या मितीची खाज असेल तर त्याचंच २०१७ चं फोर-डी टॉइज आहे, ते गेम नाही, नुसती खेळणी, चार मितींचे ठोकळे ढकलत बसायचं, शिकायला बरं आहे पण कोडी नाहीत म्हणून अर्ध्या तासात हात थांबतो. कोडी सोडवायचीच असतील तर २०२४ चा फोर-डी गोल्फ घ्या, बॉल चौथ्या दिशेला मारायचा असतो आणि पहिल्या काही होलमध्ये तो गेला कुठे हेच कळत नाही, पण सातआठ होलनंतर हात आपोआप बरोबर वळायला लागतो, डोक्याला अजून समजलेलं नसतं तेव्हा.