एल आकाराचा हॉल: सोफा भिंतीला की मधोमध?

कोकणात जुनं घर दुरुस्तीला काढलं की पडवी बंद करून हॉलला जोडायची, हे आता घरोघरी चालतं. मधली भिंत गेली की जागा मोठी होते, पण वाकडी होते. आमच्या मालवणजवळच्या घरात हॉलचा लांब भाग १७ बाय ११ फूट आहे आणि एका टोकाला जोडलेला पडवीचा तुकडा ९ बाय ८. दारं चार. दोन्ही मांडण्या आम्ही एकेक वर्ष वापरल्या आहेत, म्हणून जे घर सध्या या पेचात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

भिंतीला लावून मांडणं सगळ्यांना आधी सुचतं, आणि त्याचा फायदा खरा आहे: मधली जागा मोकळी राहते. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी आले की रात्री दहा गाद्या पडतात. भजनाला पेटी-पखवाज घेऊन मंडळी बसतात, बायकांच्या फुगड्या होतात. माटवीचे, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधायच्या लाकडी चौकटीचे, हूक छतात ठरलेले, त्यामुळे गणपतीची जागाही ठरलेली. तिथे सोफा मध्ये आला तर तो हलवावाच लागतो.

पण बाकीच्या वर्षाचं काय? आमची लांब भिंत पश्चिमेची, जांभ्याची. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा पावसाची झड थेट तिच्यावर आणतो आणि जांभा पाणी पितो. त्या वर्षी श्रावणात आईने कुबट वास येतोय म्हणून सोफा पुढे ओढायला लावला. पाठीच्या कापडावर पांढऱ्या बुरशीचे गोल गोल ठिपके उमटले होते. खालचा पार्टिकल बोर्ड फुगून कडेला बिस्किटासारखा भुगा होत होता. बाहेरून भिंतीला रंग लावलेला होता, तरी हे झालं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: झडीच्या भिंतीला कापडी सोफा टेकवायचाच नाही. निदान अर्धा फूट जागा सोडा, म्हणजे मागून हवा फिरते आणि वाळवीची माती चढू लागली तर डोळ्यांना दिसते.

दुसरी गोष्ट पंख्याची. पंख्याचा हूक स्लॅबमध्ये, खोलीच्या मधोमध. मे महिन्यात घामाने अंग चिकचिकत असताना माणसं भिंतीकडेला बसलेली आणि वारा मोकळ्या फरशीवर. आम्ही शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मध्ये ओढून बसायचो. शिवाय १७ फुटांच्या दोन टोकांना बसून बोलायचं म्हणजे आवाज चढवूनच बोलायचं.

मधोमध मांडणीत सोफ्याची पाठ जेवणाच्या टेबलाकडे, तोंड टीव्हीकडे. भिंत न घालता दोन खोल्या होतात. बसणारे बरोबर पंख्याखाली येतात, आणि ४३ इंची टीव्ही सहा-सात फुटांवरून नीट दिसतो. माप असं बसलं: ११ फूट रुंदीत सोफा ७ फुटांचा, भिंतीकडे अर्धा फूट मोकळा, दुसऱ्या बाजूला साडेतीन फूट वाट. वाटेला तीन फूट हवेतच, कारण नारळाची पाटी नाहीतर पाण्याची कळशी घेऊन माणूस तिथूनच जातो. टीपॉय सोफ्यापासून दीड फुटावर.

याला खोडीही आहेत. बऱ्याच सोफ्यांच्या पाठीला हलकं काळं कापड ठोकलेलं असतं, ते आता समोर दिसतं. विकत घेताना मागून बघा. मोबाइल चार्जरची वायर वाटेत येते. आणि पावसात गोम-विंचवाची भीती असते, म्हणून सोफ्याचे पाय सहा इंच तरी उंच हवेत, खालून केरसुणी फिरली पाहिजे.

एल आकाराच्या हॉलला एल आकाराचा सोफा शोभतो असं दुकानात सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. तो एकदा कोपऱ्यात बसला की पडवीकडची वाट आणि उजेड अडतो, आणि चतुर्थीला चार माणसं लागतात. त्यापेक्षा एक हलका सोफा आणि सोबत फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा बाक घ्या. बाकाच्या गाद्या सुट्या ठेवा, म्हणजे उघडीप पडली की अंगणात उन्हात टाकता येतात. आम्ही हेच केलं. गणपतीत दोघं जण उचलून सगळं पडवीत नेतात.

रुंदी दहा फुटांच्या आत असेल किंवा घरात काठी टेकत चालणारं कोणी असेल, तर मात्र भिंतीलाच लावा, पण आतल्या, कोरड्या भिंतीला.

घेण्याआधी एक कराच. फरशीवर खडूने सोफ्याचं माप आखा, टीपॉयच्या जागी वर्तमानपत्र अंथरा आणि दोन दिवस तसेच वावरा. आमच्याकडे दुसऱ्याच रात्री आजी मोरीकडे जाताना वर्तमानपत्र तिच्या पायाखाली चुरचुरलं. सकाळी आम्ही रेघा पुसल्या आणि सोफा-टीपॉय दोन्ही हातभर टीव्हीच्या बाजूला धरून पुन्हा आखले.