ब्रोमेलियाडला फूल आणायचंय: सफरचंद की उजेड?

ऐरोलीतल्या आमच्या घरात ब्रोमेलियाड तीन वर्षं नुसती पानंच दाखवत होतं. अशा झाडाला फुलवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला सफरचंदाचा. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि ब्रोमेलियाडला तो फुलण्याचा इशारा वाटतो. हे झाड अननसाच्याच कुळातलं. अननसाचे बागायतदार इथेफॉन हे इथिलीन सोडणारं रसायन फवारून नेमकं हेच घडवतात. पानांच्या मधल्या पेल्यातलं पाणी ओतून टाका, कुंडीशेजारी पिकलेलं सफरचंद ठेवा, सगळं पारदर्शक पिशवीत बांधा आणि आठवडा-दहा दिवस सावलीत राहू द्या. पिशवी उन्हात ठेवलीत तर पानं आत उकडून निघतील, हे विसरू नका. पुढच्या दीड ते तीन महिन्यांत पेल्यातून तुरा डोकावतो. झाड मात्र पूर्ण वाढलेलं हवं; लहान झाडावर हा प्रयोग फुकट जातो.

दुसरा उजेडाचा. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन, दुपारी आडोसा. वेळ किती लागेल ते झाडच ठरवतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ दाटलेलं, म्हणजे ते महिने जवळजवळ वायाच. पण पानांना जो रंग चढतो तो सफरचंदाने येत नाही.

माझा कौल आधी उजेडाला. वर्षभर उजेड मिळूनही झाड अडलेलं असेल, तरच वाशीच्या बाजारातून सफरचंद आणा. कारण एकदा फुललं की मूळ झाड हळूहळू संपतं आणि बुडाशी पिल्लं येतात. ती पिल्लं पोसायला झाडात जोर असायला हवा.