गुडघेदुखीसाठी व्यायाम: पाण्यात की जमिनीवर?

आईचे दोन्ही गुडघे झिजलेले, वजन ७० किलो. ऑपरेशन लांबवायचं तर व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी फिजिओ बोलवायचा की हायड्रोथेरपीला, म्हणजे पूलमधल्या पाण्यात करायच्या व्यायामाला न्यायचं, यावर आमच्याकडे पंधरा दिवस खल चालला. शेवटी दोन्ही करून पाहिलं.

पाण्यात औषधी गुण वगैरे काही नसतो. शाळेतलं उत्प्लावक बल, म्हणजे पाणी अंगाला वर उचलून धरतं, बस्स. कमरेइतक्या पाण्यात पायांवर जेमतेम निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश. म्हणजे आईच्या गुडघ्यांना ७० किलोंऐवजी ३५ किंवा २३-२५ किलोच तोलायचे. स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जाणारी बाई पहिल्याच दिवशी दहा मिनिटं न थांबता चालली. पाण्याचा दाब पायाला घट्ट मोज्यासारखा चहूकडून बसतो, त्यानं सूजही ओसरते. पाय हळू हलवला तर पाणी कमी अडवतं, जोरात हलवला तर जास्त, आणि थांबलात की तेही थांबतं. दुखेल या धास्तीनं आखडलेली माणसं इथे मोकळी होतात, ती त्यामुळेच.

जमिनीवरचा व्यायाम कंटाळवाणा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबा, पाय सरळ उचला, खुर्चीतून उठा-बसा. आई तर फिजिओ येण्याच्या वेळेलाच नेमकी देवपूजा काढायची. पण जिना जमिनीवरच असतो. पाण्यात झपाझप चालणारी आई पूलमधून बाहेर येताना शेवटच्या दोन पायऱ्यांवर अडायची, स्टीलचा दांडा दोन्ही हातांनी आवळून. तिथे सगळं वजन पुन्हा गुडघ्यांवर यायचं. ते पेलायचं बळ मांडीला आलं ते टॉवेल आणि खुर्चीनंच.

त्यामुळे माझं मत असं: दुखण्यापायी जमिनीवर व्यायामच होत नसेल, वजन जास्त असेल, पडायची भीती बसली असेल, तर सुरुवात पाण्यात करा आणि जमेल तसं जमिनीवर या. चालता येतंय, फक्त पायात जोर नाही, अशांनी पूलचा खर्च आणि रिक्षाचे हेलपाटे वाचवावेत.

गुडघा बदलला असेल तर प्रश्नच वेगळा. जमिनीवरचे व्यायाम ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच सुरू करतात. पाण्यात मात्र जखम पूर्ण भरून सर्जननं होकार दिल्यावरच. ताप, उघडी जखम, लघवीचा संसर्ग, आटोक्यात नसलेल्या फिट्स किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचं नाव काढू नका.

पोहता यावं लागत नाही, हे आईला पटवायलाच दोन दिवस गेले. मला स्वतःला पूलपेक्षा चेंजिंग रूमची धास्ती जास्त होती. ओली फरशी, अंगाला चिकटलेले कपडे, एका पायावर तोल. सोबत कोणीतरी हवंच.

आणि फोनवरच दोन गोष्टी विचारा: पाण्याचं तापमान किती, आणि फिजिओथेरपिस्ट समोर असतो का. थेरपीच्या पूलमध्ये साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं. पोहण्याचे पूल बहुतेक २६-२८ अंशांचे, त्यात दुखरे सांधे आणखी आखडतात. आम्ही आधी ज्या ठिकाणी गेलो तिथली ‘हायड्रोथेरपी’ म्हणजे पोहण्याचाच पूल आणि काठावर शिट्टी घेतलेला कोच निघाला. आईनं पाय घातला, तसाच बाहेर काढला आणि म्हणाली, “यापेक्षा आमची माहेरची विहीर बरी होती.”