अंगणात तेरडा पेरावा की कळलावी?

इंदूरला जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की रामबागेतल्या आमच्या घरी हा वाद दरवर्षी रंगतो. माझं मत तेरड्याला. बी नुसतं भुरभुरायचं, वर चिमूटभर माती. दोनेक महिन्यांत फुलं, म्हणजे गौरी येईपर्यंत तयार. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून लोक नाक मुरडतात, पण एक फूल गळलं तरी शेजारी दुसरं उमलतच असतं. पिकलेल्या बोंडाला बोट लावून बघा: फट्‌कन फुटतं, साली आत गुंडाळतात आणि बिया थेट ओट्यावर! पुढच्या वर्षी पेरायलाही नको.

कळलावीला धीर हवा. बी उगवायलाच कित्येक आठवडे, फूल दिसायला तीन-चार वर्षं. आमच्या काळ्या मातीत पाणी तुंबून पहिला कंद कुजला. आता वाळू मिसळून कुंडीत लावलाय. पानाचं टोक सुतळीसारखं वळून काठी धरतं, पिवळ्या पाकळ्या हळूहळू लाल होतात. रूपात तेरडा तिच्या पासंगालाही पुरणार नाही, हे कबूल. पण कंदात कोल्चिसिन, जहाल विष. घरात रांगतं मूल असेल तर तेरडाच.